सभासद होता काय?

अमेरिकेत कायम राहण्यासाठी अर्ज करणाऱ्या माणसाला तेथील सरकार एक प्रश्न विचारते : तुम्ही कम्युनिस्ट किंवा अन्य सर्वंकष सत्तावादी पक्षाचे सभासद आहात काय, पूर्वी कधी होता काय, अशा पक्षाशी तुमचा कोणत्याही प्रकारचा संबंध आला होता काय? नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नात्याने होणाऱ्या अर्जालाही हा प्रश्न चुकत नाही. लग्न खरे आहे, नवऱ्याची नोकरी पक्की आहे, आजार नाही, गुन्हा नाही, एवढ्याने भागत नाही. नवऱ्याकडे निघालेल्या बाईला तिचे राजकारण विचारले जाते. तेही आजचेच नव्हे, गेलेलेसुद्धा.

हा प्रश्न आपला कसा, असे कुणी विचारील. कवठे महांकाळ हा दुष्काळी तालुका. येथून माणूस बाहेर पडला तो मुंबईच्या गिरणीत, ऊसतोडीला, नाहीतर सोने-चांदी गाळण्याच्या गलाई धंद्यात. वस्तीतल्या माणसाच्या वाट्याला बाहेरगावीही खालचेच काम आले. पण शिष्यवृत्तीवर शिकलेली पिढी आता संगणकाच्या नोकऱ्यांतून परदेशी पोचते आहे, आणि तिच्यामागून लग्न करून मुली निघाल्या आहेत. या मुलींच्या घरांत कुणी लाल बावट्याखाली होते, कुणी निळ्या निशाणाखाली. काहीजणी स्वतःही होत्या. फॉर्म वाचून घ्यायला माणसे कॉलेजातल्या बाईंकडे येतात, कारण वस्तीत इंग्रजी वाचणारे घर अजूनही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मी इतिहास शिकवते. त्यामुळे प्रश्नाचे उत्तर भरण्याआधी तो प्रश्न कुठून आला हे शोधण्याची मला खोड आहे.

आपल्या घरांत या प्रश्नावर एकच सल्ला दिला जातो : ‘नाही’ लिहा आणि मोकळे व्हा. हा सल्ला मला कायद्याच्या दृष्टीने धोक्याचा आणि चळवळीच्या दृष्टीने अपमानकारक वाटतो. का वाटतो, ते सांगण्यासाठी हा लेख.

अमेरिकेने माणसाला दाराशी अडवून विचार विचारायला सुरुवात केली ती १९०३ साली. १९०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ले यांचा खून झाला होता, म्हणून अराज्यवादी मताच्या माणसाला प्रवेशबंदी करणारा कायदा झाला. हिंदी माणसाला मात्र तेव्हा विचारापेक्षा जन्मच आडवा आला. १९१७ च्या कायद्याने आशियाचा एक मोठा पट्टा आखला आणि त्यात जन्मलेल्याला दार बंद केले. हिंदुस्थान त्या पट्ट्यात होता. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल दिला. थिंद यांनी न्यायालयापुढे मांडले काय होते? आपण उच्चवर्णीय हिंदू आहोत, आर्यवंशाचे आहोत, म्हणून गोऱ्यांत बसतो! समुद्र ओलांडून गेलेल्या माणसाने परक्या न्यायालयातही जातीचाच दाखला पुढे केला, आणि तो तेथे चालला नाही. आपल्या वाचकांना यावर अधिक भाष्य नको. अशा ‘अपात्र’ परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचे नागरिकत्व १९२२ च्या कायद्यानुसार जात असे. ती तरतूद १९३१ मध्ये गेली. म्हणजे बाईचे नागरिकत्व नवऱ्याच्या जन्मावर टांगलेले. १९४६ साली वर्षाला १०० हिंदी माणसांपुरते दार किलकिले झाले. आणि जन्माचा अडसर सैल होतो न होतो तोच विचाराचा अडसर घट्ट झाला. १९५० आणि १९५२ या दोन कायद्यांनी कम्युनिस्ट पक्षाचे आजी आणि माजी सभासदत्व ही परदेशी माणसाची अपात्रता ठरली.

पण लेखी प्रश्न विचारणे ही त्यातल्या त्यात उघड रीत म्हणायची. त्याहून जुनी आणि वाईट रीत आहे ती यादीची. यादीत माणसाला विचारीत नाहीत. त्याचे नाव कुठेतरी लिहून ठेवलेले असते, एवढेच. मुंबईत जन्मलेले शापुरजी सकलातवाला ब्रिटनमध्ये कम्युनिस्ट म्हणून पार्लमेंटवर निवडून गेले होते. १९२५ साली ते संसद-सदस्यांच्या परिषदेसाठी वॉशिंग्टनला निघाले, तर परराष्ट्रमंत्री केलॉग यांनी त्यांचा व्हिसा रद्द केला. १९२७ साली ते हिंदुस्थानात येऊन सभा गाजवून गेले, आणि त्यानंतर ब्रिटिश सरकारने त्यांना जन्मभूमीचेही दार लावून घेतले. एका माणसाला दोन सरकारांनी दोन दारांवर अडवले. कारण एकच, पक्ष.

वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे यांची कथा याहून विचार करायला लावणारी आहे. गदर चळवळीच्या उभारणीत ते होते. पुढे मेक्सिकोत त्यांनी मक्याच्या आणि गव्हाच्या वाणांवर संशोधन केले, गरीब शेतकऱ्यांसाठी शेतीच्या शाळा चालवल्या. दिएगो रिव्हेरा या चित्रकाराने त्यांना भाकरी वाटून देणाऱ्या माणसाच्या रूपात भिंतीवर रंगवले. १९३६ साली त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन बाईशी लग्न केले. देश स्वतंत्र झाल्यावर १९४९ मध्ये मध्य प्रांताच्या सरकारने त्यांना शेतीविषयक सल्ल्यासाठी बोलावले, आणि स्वतंत्र भारताच्याच यंत्रणेने त्यांना व्हिसा नाकारला. ब्रिटिशांच्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते. इंग्रज गेले, यादी राहिली. पुढे बंदी उठली, ते आले, कुटुंबासह नागपूरला राहिले आणि १९६७ साली वारले. गदर पक्ष १९१३ चा. छत्तीस वर्षांनंतरही त्या सभासदत्वाची किंमत मागितली गेली, आणि मागणारे सरकार ज्यांच्यासाठी तो पक्ष काढला त्यांचेच होते. खानखोजे ब्राह्मण घरातले, शिकलेले, मंत्र्यांपर्यंत ओळख असलेले. त्यांची बंदी उठवायला माणसे होती. आपल्या वस्तीतल्या मुलीसाठी कोण उठणार?

आता १९५२ सालाकडे येऊ. त्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात तीन माणसांचा खटला निकालात निघाला. पीटर हॅरिसियाडिस हा ग्रीसमधून १९१६ साली तेराव्या वर्षी आलेला; १९२५ ते १९३९ पक्षाचा सभासद. बायको अमेरिकन, दोन मुले अमेरिकन. डोरा कोलमन ही रशियातून तेराव्या वर्षी आलेली. नवरा अमेरिकन नागरिक, तीन मुले. तिचे सभासदत्व १९३७-३८ च्या सुमारास संपले होते. लुइजी मासित्ती याने तर १९२९ मध्येच पक्ष सोडलेला. ज्या कायद्याने त्यांना हद्दपार करायचे तो झाला १९४० मध्ये, म्हणजे तिघांचेही सभासदत्व संपल्यानंतर. तरीही न्यायालयाने हद्दपारी योग्य ठरवली. लग्न, मुले, तीस-पस्तीस वर्षांचा संसार, यांपैकी काहीही जुन्या पावतीपुढे टिकले नाही. न्यायमूर्ती डग्लस आणि ब्लॅक यांनी विरोधी मत नोंदवले, एवढेच. पुढच्या वर्षांत कृष्णवर्णीय कार्यकर्ती क्लॉडिया जोन्स हिला याच कारणासाठी तुरुंगात टाकून १९५५ मध्ये देशाबाहेर काढले. ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले होते, त्या डॉ. डु बॉइस यांना तर त्यांच्याच देशाने १९५२ ते १९५८ पासपोर्ट दिला नाही. कम्युनिस्ट आहात की नाही ते लिहून द्या, अशी अट होती, आणि ते तेव्हा सभासद नसतानाही त्यांनी लिहून द्यायचे नाकारले. त्यांच्यापाशी नाव होते, वय होते, नकार देण्याची ताकद होती. ज्या मुलीची मुलाखतीची तारीख पुढच्या महिन्यात आहे तिला हा मार्ग मोकळा नाही, हे कबूल केले पाहिजे.

१९५७ साली याच न्यायालयाने थोडी वेगळी वाट काढली. चार्ल्स रोव्होल्ट हा जर्मनीतून १९१४ साली आलेला मजूर. १९३५ मध्ये, मंदीच्या ऐन काळात, सुमारे वर्षभर पक्षात होता, पक्षाच्या पुस्तकाच्या दुकानात काम करीत होता. का गेलास, असे विचारल्यावर त्याने सांगितले, की खायला, अंगावर घालायला आणि डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून भांडत होतो. न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी म्हटले, की नुसते नाव असणे पुरेसे नाही, पक्षाशी अर्थपूर्ण संबंध दिसला पाहिजे. १९६३ मध्ये एका मेक्सिकन माणसाच्या खटल्यात वर्गणी भरली, बैठकींना गेला, एवढेही पुरेसे नाही असे ठरले. आणि आजच्या कायद्यातही असे कलम आहे, की नोकरी, शिधा किंवा जगण्याच्या अन्य गरजांसाठी घेतलेले सभासदत्व हे सभासदत्व धरले जाणार नाही. सोळा वर्षांखालचे आणि जबरदस्तीने लादलेलेही नाही.

येथे आपला खरा पेच सुरू होतो. हे कलम दयाळू आहे. पण त्या दयेत शिरायचे तर माणसाने काय म्हणायचे? पोटासाठी गेलो, विचार नव्हता, भूक होती. आपल्या माणसाला हे म्हणायला लावणे सोपे आहे, कारण भूक होती हे खोटे नाही. परंतु पोटासाठीच गेलो हे खोटे आहे. महाडच्या तळ्यावर माणसे पाण्यासाठी गेली, पण तहान भागवायला गेली नव्हती. कॉ. आर. बी. मोरे महाडच्या परिषदेच्या उभारणीत होते, आणि पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. त्यांना कुणी शिधा दिला नाही. आमच्या जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे लाल बावटा कलापथक घेऊन गावोगाव फिरले आणि १९६१ मध्ये रशियाला जाऊन आले. त्यांच्या घरी अठराविश्वे दारिद्र्य होते. म्हणून त्यांचा पक्ष हा त्यांच्या दारिद्र्याचा परिणाम, असे म्हणणारा माणूस त्यांची बुद्धी नाकारतो. दलिताला मत नसते, फक्त गरज असते, ही तर सनातन्यांची जुनी समजूत. परदेशी कायद्याच्या आडोशाने तीच आपण आपल्या सहीनिशी लिहून द्यायची काय?

आणि या भागात कम्युनिस्ट असणे ही कधी लपवण्याची गोष्ट नव्हती. प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील कम्युनिस्ट झाले, १९५७ साली साताऱ्यातून आणि १९६७ साली बीडमधून लोकसभेवर गेले. शेतकरी कामगार पक्ष, लाल निशाण, रिपब्लिकन, समाजवादी : एकाच घरातले चार भाऊ चार मोर्च्यांत, आणि एकच माणूस सकाळी एका मोर्च्यात, दुपारी दुसऱ्या. सभासद म्हणजे नेमके काय, हे आपल्याकडे कधी कुणी काटेकोर ठरवलेच नाही. फॉर्म मात्र काटेकोर आहे. शिवाय पक्षाच्या नावाचे इंग्रजी केले की ते भयंकर दिसू लागते. शेतकऱ्यांचा आणि कामगारांचा पक्ष म्हटल्यावर वकिलातीतल्या तरुण अधिकाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणता देश येत असेल, सांगता येत नाही.

पण दोष केवळ परक्यांना देऊन चालणार नाही. ‘तू कम्युनिस्ट आहेस काय, कधी होतास काय’ हा प्रश्न आपणही आपल्या माणसांना विचारलेला आहे. दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांच्या सत्याग्रहासाठी डाव्यांशी हात मिळवला, तर त्यावरून रिपब्लिकन पक्षात वाद झाले, तट पडले. १९७२ साली निघालेल्या दलित पँथरमध्ये दोन वर्षांत याच प्रश्नावर फूट पडली. नामदेव ढसाळ यांना मार्क्सवादी म्हणून बाजूला काढले गेले. बाबासाहेबांनी मार्क्सवादाची चिकित्सा केली, ती कठोर होती आणि तिला कारणे होती. काठमांडूचे १९५६ चे भाषण त्याची साक्ष आहे. परंतु त्याच बाबासाहेबांनी ७ नोव्हेंबर १९३८ च्या संपात कम्युनिस्टांबरोबर एकाच व्यासपीठावरून काळ्या कायद्याला विरोध केला होता. चिकित्सा वेगळी आणि झडती वेगळी. आपल्या चळवळीने कधी कधी चिकित्सेच्या नावाखाली झडतीच घेतली. म्हणून एखादी मुलगी परदेशी फॉर्मवर आपले सभासदत्व लपवते, तेव्हा ते लपवायला ती वस्तीतच शिकलेली असते.

उलट दिशेचे उदाहरण आमच्याच जिल्ह्यात घडले. मिनियापोलिसला जन्मलेल्या गेल ऑमव्हेट बर्कलेच्या विद्यापीठातून पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळीचा अभ्यास करण्यासाठी येथे आल्या. १९७३ मध्ये तो प्रबंध पुरा झाला. १९७६ साली, म्हणजे आणीबाणीत, त्यांनी डॉ. भारत पाटणकर यांच्याशी लग्न केले आणि त्या कासेगावच्या झाल्या. सासू इंदुताई पाटणकर स्वातंत्र्यसैनिक. नवरा डाव्या चळवळीत पूर्णवेळ, बाई स्वतः त्याच विचाराची. १९८३ साली त्यांना भारतीय नागरिकत्व मिळाले. २०२१ च्या ऑगस्टमध्ये त्या कासेगावलाच गेल्या. १९५५ च्या आपल्या नागरिकत्व कायद्यात तेव्हा भारतीयाशी लग्न केलेल्या स्त्रीला नोंदणीने नागरिक होता येई. भारतीय स्त्रीशी लग्न केलेल्या परदेशी पुरुषाला होता येत नसे. ते १९८६ च्या दुरुस्तीने बदलले. बाई नवऱ्याच्या घरी जाते, नवरा बायकोच्या घरी येत नाही, ही समजूत कायद्यातही बसवलेली होती. मात्र माझे लक्ष दुसऱ्या एका कलमाकडे जाते. अर्ज मंजूर करणे किंवा नाकारणे हे सरकारच्या मर्जीवर आहे आणि कारण सांगण्यास सरकार बांधलेले नाही, असे तो कायदा म्हणतो. अमेरिका उर्मटपणे विचारते. आपले सरकार विचारीत नाही, ते चौकशी करते. यातले काय बरे, हे मला ठरवता येत नाही. पण लेखी प्रश्नाला लेखी उत्तर देता येते, एवढा फरक आहे.

तर मग उत्तर कसे द्यावे? माझी एक माजी विद्यार्थिनी. मातंग समाजातली, घरातली पहिली पदवीधर. शहरात शिकताना तीन वर्षे कम्युनिस्ट पक्षाची कार्डधारक सभासद होती. पक्ष सोडून सहा वर्षे झाली होती. नवरा अमेरिकन नागरिक. अर्ज भरून देणाऱ्या एजंटाने तिला न विचारताच ‘नाही’वर खूण केली होती. सासरच्यांनी जुन्या मोर्च्यांचे फोटो काढून टाकायला सांगितले होते. ती माझ्याकडे आली ती फोटोंवरून रडत.

आम्ही दोघींनी मिळून कायदा वाचला, तेव्हा दिसले ते असे. १९५२ च्या कायद्यात माजी सभासदाला परतीची वाट होती, पण ती पश्चात्तापाची : पक्ष सोडून किमान पाच वर्षे त्या विचाराला सक्रिय विरोध केल्याचे दाखवावे लागे. १९९० च्या कायद्याने कायम वास्तव्याच्या अर्जदारासाठी पश्चात्तापाऐवजी मुदत ठेवली. सत्तेवर नसलेल्या पक्षाचे सभासदत्व अर्जापूर्वी किमान दोन वर्षे संपलेले असेल, आणि ज्या देशात त्या पक्षाची हुकूमशाही आहे तेथे पाच वर्षे, तर ती अपात्रता राहत नाही. अर्जदार देशाच्या सुरक्षिततेला धोका नसावा, ही अट अर्थात आहेच. मुदत भरली नसली तरी नागरिकाच्या जोडीदाराला कुटुंब एकत्र राहावे म्हणून सूट देता येते. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये तेथील खात्याने या तपासणीच्या सूचना नव्याने काढल्या, तरी हे अपवाद कायम राहिले. प्रश्न अर्जदाराचा आहे. बापाने १९६४ साली काय केले ते त्यात येत नाही. पण अर्जदाराने महत्त्वाची गोष्ट खोटी सांगितली असे निघाले, तर ती वेगळी अपात्रता, आणि तिला मुदत नाही. तिच्यातून सूट मागता येते, पण नवऱ्याची किंवा आईबापांची पराकाष्ठेची हालअपेष्टा सिद्ध करून. म्हणजे तिचे खरे उत्तर चार वर्षांपूर्वीच निर्धोक झालेले होते, आणि एजंटाचे खोटे उत्तर तिला जन्मभर पुरले असते.

अर्ज अजून पाठवलेला नव्हता. तिने खूण बदलून ‘होय’ केले आणि सोबत एक पान जोडले : कधी गेले, काय काम केले, कधी सोडले. का गेले, यावर आमचे बोलणे लांबले. भुकेचे कलम मी तिला वाचून दाखवले होते. ती म्हणाली, “बाई, मेसचे पैसे मी ट्यूशन घेऊन भरत होते. पक्षानं मला जेवण नाही दिलं.” तिने लिहिले, की वसतिगृहाच्या प्रश्नावर ते लोक लढत होते म्हणून गेले. सोडले का, तर बैठकीत जातीचा प्रश्न काढला की तो पुढच्या बैठकीवर जाई. हे कारणही तिने एका वाक्यात लिहिले. त्याच्यापुढे मी आता त्या विचाराच्या विरोधात आहे वगैरे जोडावे, असे नवऱ्याने फोनवर सुचवले. कायदा ते मागत नव्हता. तिने जोडले नाही.

अडचण आली ती वेगळ्याच ठिकाणी. सोडल्याची तारीख सिद्ध करायची कशी? आपल्याकडे पक्षात जाताना पावती मिळते. पक्ष सोडताना कुणी राजीनामा लिहीत नाही, माणूस जायचा थांबतो. शेवटी नूतनीकरण न झालेले जुने कार्ड सापडले, आणि तिच्या शाखेतल्या दोघा जुन्या सोबत्यांनी स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करून दिले, की अमुक सालानंतर ही आमच्यात नव्हती. त्यातला एक अजून पक्षात आहे. त्याने सही करताना विचारले, “आमच्यात नव्हती, एवढंच लिहायचं ना? आमच्या विरुद्ध होती असं नाही ना लिहिलंय?” कागद त्याला मराठीत पुन्हा वाचून दाखवला, मग त्याने सही केली.